एका कृषिमंत्र्याचा खासगी पत्रव्यवहार
(नभोवाणीवरील भाषण)



सार्वजनिक कार्यांत वावरलेल्या पुरुषाची ओळख करून घेण्यास आपल्यापाशीं बहुधा दोन साधनें असतात. एक त्याचीं भाषणें आणि दुसरें त्याचीं कृत्यें. भाषण हें चारचौघांसाठीं केलेलें असतें, त्यामुळें सभेला जातांना माणूस जसा धुतलेला अंगरखा घालतो तसाच विचारांनाही घालतो. कृत्य त्याहून खरें खरें, पण तें मुकें असतें. तें कोणत्या हेतूनें घडलें, किती नाइलाजानें घडलें, हें तें स्वतः सांगत नाहीं. या दोहोंच्या मध्यें तिसरें एक साधन आहे आणि तें म्हणजे खासगी पत्र. बायकोला, मुलाला, स्नेह्याला किंवा व्यवहारांतील भागीदाराला लिहिलेल्या पत्रांत माणूस सभेंतल्यापेक्षां निराळ्या आवाजांत बोलतो. म्हणून इतिहासकार भाषणांच्या छापील पुस्तकापेक्षां जुन्या पेटाऱ्यांतील पत्रांच्या जुडग्याकडे अधिक आशेनें पाहतात.

आज मी आपणांस अशाच एका जुडग्याच्या मालकाविषयीं सांगणार आहें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या शतकाच्या आधींच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकांत, जे. स्टर्लिंग मॉर्टन नांवाचे एक गृहस्थ होऊन गेले. ते वृत्तपत्रकार होते, पक्षाचे पुढारी होते, शेतकरी होते आणि १८९३ पासून १८९७ पर्यंत त्या देशाचे कृषिमंत्री होते. त्यांचें नांव आपल्या इकडे फारसें कोणाच्या कानांवर आलें नसेल. पण वर्षांतून एक दिवस ठरवून सर्वांनीं झाडें लावावीं ही कल्पना त्यांनीं आपल्या प्रांतांत रुजविली, आणि ती पुढें देशोदेशीं पसरली. आपल्या इकडे १९५० च्या जुलै महिन्यांत कन्हय्यालाल मुनशी यांनीं वनमहोत्सव सुरू केला तेव्हां तेही केंद्र सरकारांत अन्न व शेती खात्याचे मंत्रीच होते. शेतीखात्याचा मंत्री आणि झाडें लावण्याचा उत्सव ही जोडी आपल्या परिचयाची आहे ती अशी.

मॉर्टन यांचा जन्म २२ एप्रिल १८३२ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील ॲडम्स या गांवीं झाला. बालपण मिशिगनमध्यें गेलें. आजोबा आणि चुलते वृत्तपत्राच्या धंद्यांतले, त्यामुळें शाई आणि कागद यांचा वास त्यांना लहानपणापासून परिचित होता. मिशिगन विद्यापीठांतून त्यांना पदवीपूर्वींच काढून टाकण्यांत आलें, कारण वरिष्ठांशीं वाद घालण्याची खोड त्यांना तेव्हांपासूनच होती. ३० ऑक्टोबर १८५४ रोजीं कॅरोलिन जॉय फ्रेंच या मुलीशीं त्यांचा विवाह झाला, आणि त्याच दिवशीं हें नवपरिणीत दांपत्य पश्चिमेस नेब्रास्काकडे निघालें.

नेब्रास्का हा प्रदेश वसाहतीसाठीं खुला करणारा कायदा त्याच वर्षाच्या मे महिन्यांत झाला होता. त्याच सालीं ओमाहा, ओटो वगैरे मूळच्या जमातींकडून करार करून जमीन घेण्यांत आली होती. ही जमीन म्हणजे मैलोगणती गवत. नदीनाल्यांचे कांठ सोडले तर झाड म्हणून दृष्टीस पडत नसे. घर बांधण्यास लांकूड मिळेना म्हणून पुष्कळ वसाहतवाले गवताच्या मुळांसकट मातीचीं ढेपळें कापीत व तीं एकावर एक रचून भिंती उभ्या करीत. वाऱ्याला अडवील असें कांहीं नाहीं, जळण नाहीं, उन्हांत टेकावें अशी सावली नाहीं. अशा उजाड माळावर मॉर्टन यांनीं नेब्रास्का सिटी या गांवाजवळ एकशें साठ एकर जमीन घेतली, लहानसें घर बांधलें आणि पहिल्यापासून झाडें लावण्यास सुरुवात केली. त्या घराला पुढें ‘आर्बर लॉज’ हें नांव पडलें. कॅरोलिनबाई चित्रें काढीत, वाद्य वाजवीत आणि बाग करीत. त्या बागेंतील कष्ट दोघांचेही होते.

अशा दूरच्या ठिकाणीं राहणाऱ्या माणसाला पत्र म्हणजे काय असतें याची कल्पना शहरांतल्या आपणांस सहज येणार नाहीं. माहेर, सासर, जुने मित्र, पक्षाचे पुढारी सारे शेंकडों मैलांवर. सुरुवातीच्या वर्षांत मिसुरी नदींतून वाफेच्या बोटी येत त्यांबरोबर टपाल येई. हिवाळ्यांत नदी गोठली कीं त्याचीही वाट खुंटे. १८५५ सालीं तिकीट आधीं लावलेंच पाहिजे असा नियम झाला. अर्ध्या औंसाच्या पत्रास तीन हजार मैलांपर्यंत तीन सेंट पडत. १८८३ सालीं हा दर दोन सेंटांवर आला. म्हणजे मॉर्टन यांच्या उमेदीच्या काळांत अमेरिकेंत पत्र लिहिणें ही श्रीमंतांचीच चैन राहिली नव्हती. माणसें लिहीत आणि भरपूर लिहीत.

येथें एक शंका आपल्या मनांत येईल. आपण पाठविलेलें पत्र दुसऱ्याच्या घरीं जातें. मग एखाद्या माणसानें स्वतः लिहिलेलीं पत्रें त्याच्याच दप्तरांत कशीं सांपडतात? याचें उत्तर त्या काळच्या एका साध्या यंत्रांत आहे. वाफेच्या यंत्राशीं ज्याचें नांव जोडलेलें आहे त्या जेम्स वॅट यानें १७८० सालीं पत्राची नक्कल काढण्याच्या एका दाबयंत्राचें पेटंट घेतलें होतें. खास शाईनें पत्र लिहावयाचें, तें ओलसर केलेल्या अतिशय पातळ कागदाला लावावयाचें आणि लोखंडी मळसूत्र फिरवून दाबावयाचें. शाईचा थोडा अंश पातळ कागदांत उतरतो. अक्षर उलटें उमटतें, पण कागद पारदर्शक असल्यामुळें दुसऱ्या बाजूनें सरळ वाचतां येतें. अशा पातळ कागदांचीं बांधलेलीं जाड पुस्तकें व्यापारी पेढ्यांत व कचेऱ्यांत असत. आपल्या इकडील जुन्या कचेऱ्यांतही हीं यंत्रें होतीं. घरगुती व्यवस्था मात्र आपली निराळी. आलेलें पत्र वाचून झालें कीं तारेंत ओंवून खुंटीला टांगावयाचें आणि तार भरली कीं दिवाळीच्या साफसफाईंत सारें बंबांत घालावयाचें, ही रीत आपल्यापैकीं वडील मंडळींना आठवत असेल.

मॉर्टन यांचीं पत्रें बंबांत गेलीं नाहींत. पत्रें, रोजनिशा आणि इतर कागद मोठ्या प्रमाणावर जपले गेले आणि लिंकन येथील नेब्रास्का इतिहास संस्थेच्या संग्रहांत आले. त्यांच्या आधारें जेम्स ओल्सन या अभ्यासकानें १९४२ सालीं मॉर्टन यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. या कागदांमुळें आज आपणांस काय समजतें, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

पहिली गोष्ट समजते ती अपयशाची. सार्वजनिक स्मारकांवर यश कोरलेलें असतें. पत्रव्यवहारांत अपयशाचा जमाखर्च असतो. मॉर्टन वयाच्या सव्विसाव्या वर्षीं नेब्रास्का प्रांताचे चिटणीस झाले व कांहीं काळ त्यांनीं हंगामी गव्हर्नराचें कामही पाहिलें. पण निवडणुकीचा देव त्यांना कधीं प्रसन्न झाला नाहीं. १८६० सालीं कांग्रेसच्या जागेसाठीं ते उभे राहिले. निवडून आल्याचें प्रमाणपत्र त्यांना मिळालेंही होतें, परंतु शेवटीं जागा प्रतिस्पर्ध्याला मिळाली. १८६६ सालीं गव्हर्नरपदासाठीं उभे राहिले आणि दीडशेंहूनही कमी मतांनीं पडले. १८८२, १८८४ आणि १८९२ या तिन्ही सालीं पुन्हां त्याच पदासाठीं उभे राहिले आणि तिन्ही वेळां पडले. त्यांचा डेमोक्रॅटिक पक्ष त्या संस्थानांत अल्पसंख्य होता, आणि लोकांना रुचेल तें बोलण्याची कला त्यांना साधत नव्हती. अशा माणसाला पक्षाचें काम चालवावयाचें तर पत्राखेरीज दुसरा आधार कोणता? सभा जिंकतां येत नसली तरी माणसें पत्रांनीं जोडतां येतात. पराभवाच्या दुसऱ्या दिवशीं पुन्हां लेखणी हातीं घेणारा हा माणूस होता.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मॉर्टन यांचे कागद त्यांच्या बाजूनेंच साक्ष देतात असें नाहीं. १८७० नंतरच्या दशकांत ते बर्लिंग्टन रेल्वे कंपनीसाठीं मोबदला घेऊन काम करीत होते. कंपनीला अनुकूल असें लोकमत तयार करणें व कायदेमंडळांत तिचे हितसंबंध सांभाळणें, असें त्या कामाचें स्वरूप होतें. ज्या काळांत नेब्रास्काचे शेतकरी रेल्वेच्या भाड्यानें जेरीस आले होते, त्याच काळांत शेतकऱ्यांचा हा पुढारी रेल्वेच्या पगारावर होता. ते स्वतः असें म्हणत कीं रेल्वेशिवाय या माळावर वसाहत होणारच नाहीं, आणि त्यांत तथ्यही होतें. पण ज्या मताबद्दल आपल्याला पैसे मिळतात, तें आपलें शुद्ध मत आहे असें इतरांना पटविणें कठीण जातें.

तसेंच गुलामगिरीच्या प्रश्नाचें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं मॉर्टन लिंकनच्या विरोधकांपैकीं होते. गुलामांच्या मुक्ततेला त्यांचा विरोध होता, आणि युद्धानंतर कृष्णवर्णीयांना मताधिकार देण्यालाही विरोध होता. १८६७ सालीं नेब्रास्काला संस्थानाचा दर्जा देतांना, वर्णावरून कोणाचाही मताधिकार नाकारूं नये अशी अट कांग्रेसनें घातली. ही अट मॉर्टन यांच्या पक्षाला मान्य नव्हती. झाडाला पाणी घालणारा हात माणसाच्या हक्काच्या बाबतींत असा आंखडावा, याचें आज वाचणाऱ्याला वाईट वाटतें. चरित्रकारानें ही गोष्ट झांकूं नये, आणि आपणही आवडत्या थोर पुरुषाचें चरित्र वाचतांना अशा पानावर बोट ठेवून पुढें जाऊं नये.

आतां त्यांच्या कीर्तीच्या गोष्टीकडे वळूं. ४ जानेवारी १८७२ रोजीं नेब्रास्काच्या शेतकी मंडळापुढें मॉर्टन यांनीं ठराव मांडला कीं १० एप्रिल हा दिवस वृक्षारोपणासाठीं राखून ठेवावा. या दिवसाला काय नांव द्यावें यावरही चर्चा झाली. कांहींजणांना रानांतील झाडें सुचविणारें नांव हवें होतें. मॉर्टन यांचें म्हणणें असें कीं फळझाडें आणि बागेंतील झाडें यांचाही त्यांत समावेश झाला पाहिजे, आणि म्हणून ‘आर्बर डे’ हें नांव कायम झालें. सर्वांत अधिक झाडें नीट लावणाऱ्या जिल्ह्याच्या शेतकी संस्थेला शंभर डॉलर आणि सर्वांत अधिक झाडें लावणाऱ्या व्यक्तीला पंचवीस डॉलर किंमतीचीं शेतीविषयक पुस्तकें, अशीं बक्षिसें ठेवलीं होतीं. झाडें लावणाऱ्याला पुस्तकें बक्षीस द्यावयाचीं ही कल्पना माझ्यासारख्या जन्मभर शाळेंत खडू झिजविलेल्या माणसाला विशेष आवडते. त्या पहिल्या दिवशीं सुमारें दहा लाख झाडें लागलीं असा अंदाज तेव्हां प्रसिद्ध झाला. १८८५ सालीं नेब्रास्कानें हा दिवस कायद्यानें सुटीचा ठरविला, आणि तारीख ठरविली २२ एप्रिल, म्हणजे मॉर्टन यांचा वाढदिवस. कनेक्टिकटचे शिक्षणाधिकारी नॉर्थ्रप वगैरे मंडळींनीं तो शाळाशाळांतून नेला आणि पुढें जपानसारख्या देशांपर्यंत त्याचा प्रसार केला.

हें सारें वाचल्यावर कोणालाही वाटेल कीं असा माणूस कृषिमंत्री झाल्यावर शेतकऱ्यांना सढळ हातानें बीं-बियाणें वांटील. प्रत्यक्षांत घडलें उलट, आणि त्यांच्या मंत्रिपदाच्या काळांतील सर्वांत मोठें भांडण याच बियाण्यांवरून झालें.

त्याची हकीकत अशी. १८३९ सालीं अमेरिकेच्या कांग्रेसनें नवीं बियाणें मिळविण्यासाठीं व शेतीची माहिती गोळा करण्यासाठीं पेटंट कचेरीला एक हजार डॉलर मंजूर केले. तेव्हां हेन्री एल्सवर्थ हे त्या कचेरीचे प्रमुख होते. परदेशांतून नवीं, दुर्मिळ बियाणें आणावीं, शेतकऱ्यांनीं तीं पेरून पाहावीं, असा मूळ हेतु. १८६२ सालीं स्वतंत्र शेतकी खातें निघालें तेव्हां हें काम त्याच्याकडे आलें. पण हळुहळू या उद्योगाचें रूप पालटलें. मुळे, सलगम, कोबी, शोभेचीं फुलें असलें कोणत्याही दुकानांत मिळणारें बीं सरकारी पैशानें विकत घ्यावयाचें, त्याच्या पुड्या करावयाच्या आणि कांग्रेसच्या सभासदांच्या नांवानें टपालहंशील न लावतां मतदारांच्या घरीं पाठवावयाच्या. पुडी सरकारची, आशीर्वाद मात्र सभासदाला! आपल्या हलवायाच्या दुकानावरच्या म्हणीची आठवण होण्यासारखा हा प्रकार होता.

मॉर्टन यांनीं यावर पहिल्या वर्षापासून टीका केली. कायद्याचे शब्द दुर्मिळ बियाण्यांविषयीं आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतें तें दुर्मिळ कसें, असा त्यांचा सवाल होता. १८९५ सालीं त्यांनीं बियाण्यांची खरेदीच थांबविली. कांग्रेस चवताळली. १८९६ सालीं तिनें ठराव करून मंत्र्याला बियाणें वांटण्यास भाग पाडलें. मंत्री हरला. पुड्यांचा हा रिवाज पुढें १९२० नंतरच्या दशकापर्यंत चालू राहिला व मग बंद पडला.

त्यांचे वरिष्ठ अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड याच वळणाचे होते. १८८७ सालीं टेक्सासमधील दुष्काळी भागांत बियाण्यांसाठीं दहा हजार डॉलर देण्याचें बिल कांग्रेसनें पास केलें असतां क्लीव्हलंड यांनीं तें नामंजूर करून परत पाठविलें होतें. सरकारनें नागरिकांना पोसण्याची संवय लावूं नये, हें दोघांचेंही सूत्र. मॉर्टन यांनीं आपल्या खात्याला मंजूर झालेल्या रकमेपैकीं बराच मोठा भाग न खर्चितां तिजोरींत परत केला. असें करणारे खातेप्रमुख कोणत्याही देशांत विरळाच.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९३ सालीं अमेरिकेंत मोठें आर्थिक संकट आलें. १८९४ सालीं नेब्रास्कांत भयंकर अवर्षण पडलें. धान्याचे भाव उतरले होते, कर्जाचे हप्ते चढले होते. अशा वेळीं वॉशिंग्टनमध्यें बसलेला मंत्री काटकसरीचा उपदेश करतो, हें करपलेल्या मक्याच्या शेतांत उभ्या असलेल्या माणसाला कसें वाटलें असेल? त्याच नेब्रास्कांतून विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे तरुण वक्ते पुढें आले, आणि १८९६ सालीं त्याच डेमोक्रॅटिक पक्षानें त्यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. मॉर्टन सोन्याच्या नाण्याचे कैवारी, ब्रायन रुप्याच्या नाण्याचे. घरचाच पक्ष दुभंगला. मॉर्टन आपल्या मतापासून तसूभर हलले नाहींत. १८९८ सालीं त्यांनीं ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ नांवाचें साप्ताहिक काढून आपला लढा पुढें चालविला.

मग झाडांचा उत्सव काढणारा आणि बियाण्यांची पुडी नाकारणारा हीं दोन माणसें कीं एक? माझ्या मतें एकच. त्यांनीं झाडें फुकट वांटलीं नव्हतीं. प्रत्येकानें आपल्या हातानें, आपल्या जमिनींत, आपल्या खर्चानें झाड लावावें असें सांगितलें होतें. ज्याचें फळ नातवंडें खाणार तें आज लावणें आणि ज्याचा भार नातवंडांवर पडणार तो खर्च आज न करणें, या दोन्ही गोष्टी त्यांच्या हिशेबीं एकाच सद्‌गुणाच्या होत्या. या हिशेबांत दुष्काळानें पिचलेल्या माणसाला जागा कमी होती, हा त्यांचा दोष. पण दोष असला तरी तो ढोंग नव्हतें.

येथें सरकारी कागद आणि खासगी कागद यांतील एक भेद सांगण्याजोगा आहे. १८७७ सालच्या कायद्यानें अमेरिकेंतील सरकारी खात्यांना तिकीट न लावतां पत्रें पाठविण्याची सवलत मिळाली. मात्र त्या पाकिटांवर अशी ताकीद छापलेली असे कीं हें पाकीट खासगी कामासाठीं वापरल्यास तीनशें डॉलर दंड होईल. मंत्र्याच्या टेबलावर अशीं पाकिटें हवीं तेवढीं असत. मुलाला पत्र लिहावयाचें तर मात्र दोन सेंटांचें तिकीट स्वतःच्या खिशांतून. सार्वजनिक जीवनांतील सचोटीची परीक्षा अशा दोन सेंटांच्या ठिकाणींच होते. मॉर्टन यांच्या खासगी पत्रांच्या कागदावर झाडाचें चित्र आणि ‘झाडें लावा’ अशा अर्थाचे दोन शब्द छापलेले असत. ती त्यांच्या घराण्याची मुद्राच झाली होती.

त्या घराण्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण खासगी पत्रव्यवहाराचा ओलावा तेथेंच आहे. त्यांना जॉय, पॉल, मार्क आणि कार्ल असे चार मुलगे. १८८१ सालीं कॅरोलिनबाई वारल्या. त्या वेळीं त्या पन्नाशींतही पोंचल्या नव्हत्या. मॉर्टन त्यानंतर एकवीस वर्षें जगले, पण त्यांनीं पुन्हां लग्न केलें नाहीं. पत्नीच्या समाधीच्या दगडावर त्यांनीं तिच्या नांवाबरोबर चारही मुलांचीं नांवें कोरविलीं. मुलांना तेथें नेऊन ते म्हणाले कीं, तुमच्यापैकीं कोणाच्या हातून अप्रतिष्ठेचें कृत्य झालें तर मी त्याचें नांव या दगडावरून छिनीनें काढून टाकीन, अशी हकीकत सांगतात. असला बाप आपल्या इकडच्या जुन्या घरांतही शोभला असता. मुलें पुढें नांवारूपाला आलीं. जॉय मिठाच्या व्यापारांत मोठे झाले, आणि १९२२ सालीं त्यांनीं इलिनॉयमध्यें मोठें वृक्षोद्यान स्थापन केलें. पॉल हे थिओडोर रूझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळांत आरमारमंत्री झाले. धाकटा कार्ल मात्र १९०१ च्या जानेवारींत अकालीं वारला. त्या धक्क्यांतून म्हातारा सांवरला नाहीं. २७ एप्रिल १९०२ रोजीं मॉर्टन यांचा अंत झाला. दगडावरचें एकही नांव काढण्याची वेळ आली नाहीं.

१९०५ सालीं आर्बर लॉजच्या आवारांत त्यांचा पुतळा उभारला, तेव्हां भूतपूर्व अध्यक्ष क्लीव्हलंड स्वतः भाषणास आले होते. १९२३ सालीं तें घर व बाग मुलानें संस्थानाला देऊन टाकली. १९३७ सालीं वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधील पुतळ्यांच्या दालनासाठीं नेब्रास्कानें आपले दोन पुतळे पाठविले. एक मॉर्टन यांचा आणि दुसरा ब्रायन यांचा! जे राजकारणांत एकमेकांचे विरोधक झाले होते, ते दगडाधातूच्या रूपानें एकाच संस्थानाचे प्रतिनिधि झाले. काळाचा हा विनोद पुढेंही चालू राहिला. २०१९ सालीं ब्रायन यांच्या जागीं पोंका जमातीचे पुढारी स्टँडिंग बेअर यांचा पुतळा आला, आणि २०२३ सालीं मॉर्टन यांच्या जागीं नेब्रास्कांत वाढलेल्या कादंबरीकर्त्री विला कॅथर यांचा.

या शेवटच्या बदलांत आजच्या विषयाशीं जुळणारा एक योगायोग आहे. कॅथरबाई १९४७ सालीं वारल्या. आपलीं खासगी पत्रें कोणीही छापूं नयेत असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेवलें होतें. साठांहून अधिक वर्षें ती इच्छा पाळली गेली, आणि त्यांच्या निवडक पत्रांचें पुस्तक २०१३ सालीं निघालें. म्हणजे ज्याचे कागद ठेवले गेले त्या पुरुषाच्या जागीं, जिला आपले कागद उघडे व्हावयास नको होते ती स्त्री उभी राहिली. दोघांपैकीं बरोबर कोण?

कायद्यानें याचें एक उत्तर फार पूर्वीं दिलें आहे. १७४१ सालीं इंग्लंडांत पोप या कवीनें आपलीं पत्रें परवानगीवांचून छापणाऱ्या कर्ल या पुस्तकविक्याविरुद्ध दावा लावला. न्यायाधीशांनीं ठरविलें कीं पत्राचा कागद ज्याला तें मिळालें त्याचा, पण त्यांतील शब्द लिहिणाऱ्याचे. ही वांटणी मला फार शहाणपणाची वाटते. पत्र हें दोघांचें असतें. एकट्यानें तें बाजारांत मांडूं नये, आणि एकट्यानें तें जाळून टाकतांनाही दहा वेळां विचार करावा.

माझ्या पुरतें विचाराल तर मी असें म्हणेन. जिवंत माणसांचीं पत्रें हीं झांकली मूठ; तीं मिठींतच राहावींत. त्यांत ज्यांचीं दुःखें आहेत तीं माणसें डोळ्यांसमोर वावरत असतां त्यांचा बाजार मांडणें हा असभ्यपणा होय. पण दोन पिढ्या उलटल्या, लाजणारें व दुखावणारें कोणी उरलें नाहीं, म्हणजे तींच पत्रें घरापुरतीं राहत नाहींत. मॉर्टन यांचे कागद जळून गेले असते तर आपल्यापुढें फक्त झाडाशेजारीं उभा असलेला एक पुतळा राहिला असता. रेल्वेचा पगार घेणारा, निवडणुकींत वारंवार पडणारा, काळ्या माणसाचा हक्क न ओळखणारा, पुडी नाकारून शिव्या खाणारा, आणि पत्नीच्या समाधीपाशीं चार मुलांना घेऊन उभा राहणारा असा सबंध माणूस आपणांस भेटला नसता. पुतळ्याला नमस्कार करणें सोपें असतें. माणसाकडून मात्र कांहीं शिकतां येतें.

आज निरोप क्षणांत जातो आणि क्षणांत पुसलाही जातो. अशा काळांत आपल्या घरांतील माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशीं, आजोबांच्या हातचीं ‘चिरंजीवास अनेक आशीर्वाद’ या मायन्याचीं चार पत्रें असतील तर त्यांचें मोल वाढलेलें आहे. त्यांत राजकारण नसेल, मंत्रिपद नसेल. गहूं किती रुपयांना मिळाले, परीक्षेची फी कोठून भरली, कोणाच्या लग्नांत कोण रुसलें, एवढेंच असेल. तरी तें जाळण्यापूर्वीं एकदां वाचावें. कोणाचें पत्र, कोणाला, कोणत्या सालचें, हें पेन्सिलीनें कोपऱ्यावर टिपून ठेवावें. कारण तें सांगूं शकणारें वडील माणूस घरांत आहे तोंवरच हें काम होतें. कसर लागणार नाहीं अशा कोरड्या जागीं तीं ठेवावींत आणि त्यांचा न्याय पुढच्यांवर सोंपवावा. मॉर्टन यांनीं ज्या झाडांचीं रोपें लावलीं त्यांच्या सावलींत बसणारीं माणसें त्यांनीं पाहिलीं नव्हतीं, आणि त्यांचीं पत्रें वाचणारेही पाहिले नव्हते. जपून ठेवण्याचें काम असेंच करावें लागतें.